पक्ष्यांवर बंदूक रोखणारा डॉक्टर

१८८२ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरालगत, पोसिलिपोच्या समुद्रकिनाऱ्यावर पन्नाशी ओलांडलेले एक फ्रेंच गृहस्थ खांद्याला बंदूक लावून कुरव पक्ष्यांवर नेम धरताना दिसत. पक्षी समोरून उडत गेला की ते नळी त्याच्या मागोमाग फिरवत आणि चाप ओढत. पण बार उडत नसे, धूर निघत नसे आणि पक्षीही पडत नसे. तरीही गृहस्थ समाधानाने घरी परतत. आसपासच्या लोकांनी त्यांना पोसिलिपोचा खुळा ठरवले होते, असे सांगतात.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. एतियन-ज्यूल मारे. पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या प्रतिष्ठित संस्थेत ते प्राध्यापक होते, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य होते आणि हृदय व रक्ताभिसरणाच्या अभ्यासातले युरोपातील मोठे नाव होते. त्यांच्या बंदुकीत काडतुसाच्या जागी प्रकाशाला संवेदनशील असलेली काचेची तबकडी होती. चाप ओढताच ती टप्प्याटप्प्याने फिरे आणि उडत्या पक्ष्याची एका सेकंदात बारा छायाचित्रे तिच्यावर उमटत.

हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणला, रोहित आणि कुरव टिपायला छायाचित्रकारांची गर्दी होते. बटण दाबून धरले की सेकंदाला दहा-वीस चित्रे सटासट घेण्याची सोय आज त्यांच्या कॅमेऱ्यात असते. या सोयीचा मूळ पुरुष शोधत मागे गेले, तर हा डॉक्टर भेटतो. पण हृदयाचे ठोके मोजणाऱ्या माणसाला समुद्रपक्ष्यांच्या मागे धावण्याची गरज का पडली? याचे उत्तर रुग्णाच्या मनगटावरच्या नाडीत सापडते.

नाडीला मिळालेली लेखणी

मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन या गावी झाला. हा द्राक्षमळ्यांचा मुलूख. वडील वाइनच्या व्यापारात नोकरीला होते. मुलाला यंत्रांची ओढ होती आणि त्याला इंजिनीअर व्हायचे होते, पण वडिलांना मुलगा डॉक्टर झालेला हवा होता. वडिलांच्या इच्छेला मान देऊन मारे १८४९ मध्ये वैद्यकशास्त्र शिकायला पॅरिसला गेले. १८५९ मध्ये त्यांनी रक्ताभिसरणावर प्रबंध लिहून डॉक्टरकीची पदवी मिळवली. खासगी दवाखाना काढून पाहिला, पण तो चालला नाही. मग दाबून ठेवलेला इंजिनीअर पुन्हा वर आला, आणि त्याने डॉक्टरच्याच कामाला हात घातला.

त्या काळी रुग्णाच्या शरीरातल्या हालचाली समजून घ्यायच्या, तर डॉक्टरकडे स्वतःची बोटे आणि कान एवढीच साधने होती. नाडी भरलेली आहे, कडक आहे, उडती आहे, मंद आहे असे शब्दांत वर्णन करायचे आणि ते वहीत लिहायचे. एका डॉक्टरची उडती नाडी दुसऱ्याला तशी वाटेलच याची खात्री नव्हती. कालची नाडी आणि आजची नाडी शेजारी ठेवून तुलना करणे तर अशक्यच होते. मारे यांना हे खटकत होते. आपली ज्ञानेंद्रिये सूक्ष्म आणि वेगवान हालचाली टिपायला अपुरी आहेत, म्हणून हालचालीनेच स्वतःची नोंद स्वतः लिहिली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. पुढची ४५ वर्षे ते याच विचाराचा पाठपुरावा करत राहिले.

नाडीची नोंद करणारे यंत्र त्यांच्याआधी जर्मनीतील कार्ल फिअरोर्ट यांनी बनवले होते. पण ते अवजड होते. त्याच्या जड दांडीला एकदा गती मिळाली की ती स्वतःच्या वजनाने झुलत राही, त्यामुळे कागदावर नाडीबरोबर दांडीचे हेलकावेही उमटत. मारे यांनी १८६० मध्ये त्यात मूलभूत बदल केला. मनगटावर बांधता येईल एवढे छोटे यंत्र, धमनीवर अलगद टेकणारी स्प्रिंग, तिला जोडलेली अतिशय हलकी दांडी आणि घड्याळाच्या यंत्रणेने सरकणारी काजळी धरलेली पट्टी. धमनी उचलली गेली की दांडीचे टोक काजळीवर रेघ ओढे. हाच मारे यांचा स्फिग्मोग्राफ.

या रेघेने डॉक्टरांना बरेच काही शिकवले. नाडीचा प्रत्येक ठोका झपकन वर चढतो आणि सावकाश उतरतो. उतरताना मध्येच एक छोटा दुसरा उंचवटा येतो. हा दुसरा उंचवटा तापात बोटांना जाणवे, म्हणून तो आजाराचे लक्षण मानला जाई. निरोगी माणसातही तो असतो, हे मारे यांच्या आलेखांनी दाखवले. महाधमनीची झडप गळत असेल तर रेघ एकदम उंच जाऊन कोसळते, हेही कागदावर दिसू लागले. रक्तदाब कमी झाला की हृदयाची गती वाढते आणि दाब वाढला की गती मंदावते, हा नियम वैद्यकशास्त्रात मारे यांच्या नावाने ओळखला जातो.

जड दांडीच्या अनुभवातून त्यांनी एक धडा घेतला. ज्याची हालचाल मोजायची त्याच्यावर मोजणाऱ्या यंत्राचा भार पडता कामा नये. भार पडला की जे मोजले जाते ते मूळचे उरत नाही.

उभ्या घोड्याच्या हृदयात नळी

हृदयाचा ठोका छातीच्या डाव्या बाजूला हाताला लागतो. तो हृदय आकुंचन पावताना लागतो की रक्ताने भरताना, यावर तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांमध्ये वाद होता. छाती उघडून पाहिले तर प्राणी मरणपंथाला लागलेला असे आणि त्याचे हृदय नेहमीसारखे चालत नसे. १८६१ मध्ये मारे यांनी पशुवैद्यकातील तज्ज्ञ ओग्युस्त शोव्हो यांच्याबरोबर वेगळा मार्ग काढला. रबरी फुगे बसवलेली नळी त्यांनी घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांपर्यंत सरकवली. कप्पा आकुंचन पावला की आतला फुगा दाबला जाई, त्यातली हवा नळीतून बाहेरच्या छोट्या डबीत जाई आणि डबीवर ताणलेला रबरी पडदा लेखणी हलवी. घोडा जागेवर शांत उभा असे आणि त्याच्या हृदयाच्या कप्प्यांमधल्या दाबाचा आलेख कागदावर उमटत जाई. छातीला लागणारा ठोका आणि खालच्या कप्प्याचे आकुंचन एकाच वेळी होतात, हे त्यातून सिद्ध झाले आणि वाद मिटला.

आज आपल्याकडे तालुक्यातला रुग्णही कॅथेटर या शब्दाला सरावला आहे. माणसाच्या हृदयात नळी घालून तपासणी करण्याच्या पद्धतीला १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तिची मुळे या घोड्यावरच्या प्रयोगांत आहेत.

१८७६ मध्ये मारे यांनी हृदयाविषयी आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. आकुंचनाच्या काळात हृदयाच्या स्नायूला पुन्हा चेतवले तर तो काही क्षण दाद देत नाही. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे आजचे शास्त्र या दाद न देण्याच्या काळाच्या ज्ञानावर उभे आहे. त्याच वर्षी त्यांनी हृदयात निर्माण होणाऱ्या विजेची नोंद घेण्याचा प्रयत्न केला. ही वीज इतकी क्षीण की तिने कोणतीही दांडी हलणे शक्य नव्हते. बारीक काचनळीतला पारा मात्र तिने किंचित सरके. ते सरकणे कागदावर आणायला मारे यांनी छायाचित्रणाची मदत घेतली. प्रकाशाला वजन नसते. वस्तूला न शिवता नोंद घेणारी लेखणी त्यांना त्यात दिसली.

पक्ष्याला घातलेला पट्टा

१८६४ मध्ये मारे यांनी पॅरिसमधील एका जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत घर आणि प्रयोगशाळा एकत्रच थाटली. हृदयाची गती कळली, मग स्नायूंची, मग चालण्याची, मग उडण्याची असे त्यांचे कुतूहल पसरत गेले. त्यांच्या दृष्टीने हे सगळे एकच होते. जिवंतपणाची खूण म्हणजे हालचाल, आणि हालचाल म्हटली की तिला वेळ, अंतर आणि जोर ही मापे लावता आलीच पाहिजेत.

माशीच्या पंखाचे टोक काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्याला हलकेच टेकवून त्यांनी तिचे फडफडणे मोजले. घरातली माशी सेकंदाला ३३० वेळा पंख हलवते आणि मधमाशी १९० वेळा, असा हिशेब निघाला. गांधीलमाशीच्या पंखाच्या टोकाला सोन्याच्या वर्खाचा कण चिकटवला, तेव्हा त्या चकाकत्या ठिपक्याने हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढलेला दिसला.

पक्ष्यांसाठी त्यांनी निराळी योजना केली. कबुतर, बदक, शिकारी पक्षी यांना अंगाभोवती एक पट्टा बांधायचा, त्यात छातीच्या स्नायूवर टेकणारी रबरी डबी बसवायची आणि तिची नळी किंवा विजेची तार दूरच्या लेखणीपर्यंत न्यायची. यातून चिमणी सेकंदाला १३, रानबदक ९ आणि कबुतर ८ वेळा पंख मारते असे आकडे मिळाले. पंखाचे टोक सरळ वर-खाली न जाता लांबट वर्तुळाकार फिरते, हेही कळले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ला माशीन आनिमाल’, म्हणजे ‘प्राणिरूपी यंत्र’, या ग्रंथात हे सारे आले.

पण मारे यांचे समाधान झाले नव्हते. पट्टा बांधलेला, मागे नळी ओढत जाणारा पक्षी खरोखर पक्ष्यासारखा उडतो का? दहा वर्षांपूर्वी नाडीच्या जड दांडीत जो दोष त्यांनी पकडला होता, तोच आता त्यांच्या स्वतःच्या यंत्रात शिरला होता. समुद्रावर मोकळा उडणारा पक्षी तर या पट्ट्यात कधीच सापडणार नव्हता.

घोड्याने दाखवलेली वाट

घोड्याच्या खुरांखाली हवेच्या रबरी पिशव्या बसवून मारे यांनी त्याच्या चालींचेही आलेख घेतले होते. भरधाव घोड्याचे चारही पाय काही क्षण जमिनीवरून सुटलेले असतात, असे त्या आलेखांवरून दिसत होते. अमेरिकेतील रेल्वेचे धनाढ्य मालक लेलँड स्टॅनफर्ड यांना या प्रश्नात रस होता. त्यांनी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला कामाला लावले. मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडले आणि वाटेत दोरे ताणले. धावत्या घोड्याने दोरा तोडला की त्या त्या कॅमेऱ्याचे झाकण उघडे. १८७८ च्या डिसेंबरात ही छायाचित्रे ‘ला नात्यूर’ या फ्रेंच विज्ञानपत्रिकेत छापून आली आणि मारे यांचे आलेख बरोबर ठरले.

ती चित्रे पाहून मारे भारावले. त्यांनी लगेच पत्रिकेच्या संपादकांना लिहून मायब्रिज यांच्याशी संपर्क मागितला. त्यांना पक्ष्यांची अशीच चित्रे हवी होती. १८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आले, मारे यांच्या घरी गेले आणि पक्ष्यांची काही छायाचित्रे दाखवली. ती मारे यांच्या उपयोगाची नव्हती. घोडा आखलेल्या पट्टीवरून धावतो, पक्षी ताणलेल्या दोऱ्यावर येऊन आदळत नाही. शिवाय चित्रांमधला वेळ समान नसेल तर वेग काढायचा कसा? छायाचित्रकाराला सुंदर क्षण मिळाला की काम झाले. शरीरक्रियाशास्त्रज्ञाला दोन क्षणांमध्ये नेमका किती वेळ गेला, हेही हवे असते.

मग मारे यांनी स्वतःच यंत्र बनवायला घेतले. शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना टिपण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी १८७४ मध्ये छायाचित्रे घेणारे रिव्हॉल्व्हर बनवले होते. त्यात दीड सेकंदाला एक चित्र मिळे. ग्रहाला ते पुरेसे होते, पंखाला नव्हते. पण एव्हाना जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा बाजारात आल्या होत्या. त्या जुन्या ओल्या काचांपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील होत्या. मारे यांच्या बंदुकीच्या नळीत भिंग होते आणि मागच्या भागात घड्याळाची यंत्रणा. प्रत्येक चित्रासाठी प्रकाश केवळ सेकंदाच्या ७२० व्या भागाइतका वेळ आत येई. इतक्या थोड्या वेळात कुरवाचा पंखही जागच्या जागी थिजल्यासारखा दिसे.

पोसिलिपोला त्यांचे घर होते आणि हिवाळा ते तिथेच काढत. समोर समुद्र आणि मोकळे उडणारे कुरव. ना पट्टा, ना नळी, ना पिंजरा. एका कुरवाच्या बारा चित्रांत पंखांच्या चार स्थिती पुन्हा पुन्हा आलेल्या दिसल्या. त्यावरून तो पक्षी सेकंदाला तीनदा पंख मारत होता, असा सरळ हिशेब निघाला. कोणत्याही बंधनाशिवाय उडणाऱ्या जलपक्ष्याची हालचाल अशी समान अंतराच्या क्षणांत पकडली गेली होती.

काळी पार्श्वभूमी, पांढरा पक्षी

बंदुकीच्या मर्यादाही लवकरच लक्षात आल्या. चित्रे फारच लहान येत, बारीक पिसे दिसत नसत. पंखाच्या एका फडफडीत फक्त चार चित्रे मिळत. आणि प्रत्येक चित्र वेगळे असल्याने दोन चित्रांच्या दरम्यान पक्षी किती पुढे गेला हे कळत नसे.

त्याच १८८२ साली पॅरिसच्या वेशीवर, बोआ द बुलोन्य या वनराईच्या बाजूला मारे यांना मोठी जागा मिळाली. पॅरिस नगरपालिका आणि फ्रेंच सरकारने पैसा दिला. सैनिकांची चाल आणि त्यांच्या पाठीवरचे ओझे यांचा अभ्यास व्हावा, यात सरकारला रस होता. या मोकळ्या मैदानातील प्रयोगशाळेत माणसे, घोडे आणि पक्षी नैसर्गिकपणे हालचाल करू शकत होते. मारे नेपल्सला असताना तिची व्यवस्था जॉर्ज देमनी हे त्यांचे तरुण सहकारी पाहत.

इथे मारे यांनी एक साधी पण विलक्षण युक्ती योजली. आतून पूर्ण काळ्या केलेल्या खोल छपरीसमोरून पांढरा पक्षी उडवायचा. कॅमेऱ्यापुढे खाचा पाडलेली चकती एकसारख्या वेगाने फिरत असे. प्रत्येक खाच समोर आली की क्षणभर प्रकाश आत जाई. काळ्या पार्श्वभूमीचा काचेवर काहीच परिणाम होत नसे, उमटे तो फक्त पांढरा पक्षी. त्यामुळे एकाच काचेवर पक्ष्याच्या अनेक स्थिती ओळीने उमटत. वेळ ठरलेला, अंतर समोर दिसणारे.

या पद्धतीने टिपलेला त्यांचा पेलिकन जगप्रसिद्ध आहे. लांब चोचीचा, जड अंगाचा हा पाणपक्षी खाली उतरत आहे. एका चित्रातला पंख पुढच्या चित्रातल्या पंखात मिसळला आहे आणि पाहणाऱ्याला उतरण्याची सगळी वाट एकाच नजरेत दिसते. पण सुंदर दिसणारी ही मिसळण मोजणीच्या दृष्टीने अडचण होती. एकावर एक पडलेल्या पंखांतून नेमके टोक कोणते ते कळत नसे.

माणसांच्या बाबतीत त्यांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख घालायचा आणि हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या, सांध्यांवर पांढरे ठिपके लावायचे. मग काचेवर माणूस दिसतच नसे. दिसत त्या फक्त त्याच्या चालण्याच्या रेघा.

कुरवाला पोशाख घालता येणार नव्हता. त्याच्यासाठी त्यांनी बाजूने, समोरून आणि उंच मचाणावरून खाली, असे तीन दिशांनी कॅमेरे लावले. तिन्ही चित्रे जुळवून पक्ष्याच्या प्रत्येक स्थितीचे प्रमाणबद्ध पुतळे घडवले आणि उडत्या कुरवाच्या एकामागून एक स्थिती ब्राँझमध्ये ओतल्या. प्लास्टरचे पांढरे कुरव फिरत्या डब्यात ओळीने बसवून, फटींतून पाहिल्यावर ते उडताना दिसतील, असेही यंत्र केले. पंख खाली मारताना तो पुढेही सरकतो, वर घेताना दुमडला जातो आणि हवेचा दाब पिसांना वाकवतो, हे यातून स्पष्ट झाले. या साऱ्या कामाचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला.

दरम्यान काचेची जागा लांब पट्टीने घेतली. १८८८ मध्ये मारे यांनी कागदी पट्टीवर एकापाठोपाठ घेतलेली चित्रे विज्ञान अकादमीपुढे ठेवली. पुढे कागदाऐवजी सेल्युलॉइडची फिल्म आली. आता चित्रे एकमेकांवर पडत नव्हती. भिंगामागून सरकणारी, प्रत्येक चित्रासाठी क्षणभर थांबणारी ही पट्टी म्हणजे सिनेमाचा कॅमेराच होता.

सिनेमा हाताशी असताना

यातून पैसा मिळवता येईल, हे देमनी यांना दिसत होते. हलती चित्रे लोकांना दाखवावीत, यंत्रे विकावीत असे त्यांना वाटे. मारे यांना ते मान्य नव्हते. सरकारी पैशावर चालणारी प्रयोगशाळा शोधासाठी आहे, अशी त्यांची भूमिका होती. मतभेद विकोपाला गेले आणि १८९४ मध्ये देमनी यांना बाहेर पडावे लागले. बारा वर्षांच्या सोबतीचा हा शेवट कडवट झाला. दुसऱ्याच वर्षी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून सिनेमा दाखवला आणि इतिहास त्यांच्या नावावर लागला.

मारे यांना सिनेमाचे फारसे अप्रूप नव्हते. डोळ्यांना एरवी दिसते तेच पडद्यावर पुन्हा दाखवण्यात शास्त्राचा काय फायदा, असा त्यांचा प्रश्न होता. पडणारी मांजर हवेतल्या हवेत अंग वळवून पायांवर कशी उतरते, हे त्यांनी १८९४ मध्ये फिल्मवर पकडले होते. अशी फार जलद घटना संथ करून किंवा फार संथ घटना जलद करून दाखवली, तरच त्यांच्या मते या यंत्राचे चीज होते. एका अर्थी ही त्यांची मर्यादाही होती. हलत्या चित्रांनी माणसांना हसवता-रडवता येईल, ही कल्पना त्यांच्या मोजमापात बसली नाही आणि ती ओळखणारा सहकारी त्यांनी गमावला.

आयुष्याच्या अखेरीला ते पंखांकडून हवेकडे वळले. काचेच्या पेटीत पन्नासहून अधिक धुराच्या समांतर रेघा सोडायच्या, मध्ये एखादी वस्तू ठेवायची आणि तिच्याभोवती हवा कशी वळते, कुठे भोवरे होतात याची छायाचित्रे घ्यायची. पक्षी हवेला काय करतो हे त्यांनी टिपले होते, आता हवा अडथळ्याला कशी उत्तर देते ते दिसू लागले. शास्त्रज्ञांच्या नोंदयंत्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी व्हावी, एका देशातला आलेख दुसऱ्या देशातल्या आलेखाशी ताडून पाहता यावा, यासाठीही ते शेवटपर्यंत झटले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले. थोरले विल्बर राइट यांनी आपली उड्डाणाची आवड कशी जागी झाली, हे १९०१ च्या एका व्याख्यानात सांगितले होते. १८९६ मध्ये ग्लायडरने उडणारे लिलिएंथाल अपघातात गेल्याची बातमी वाचून त्यांनी घरातल्या कपाटातून जे पुस्तक पुन्हा काढले, ते मारे यांचेच होते, १८७३ मधल्या त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर. विमान उडाल्यानंतर पाच महिन्यांनी, १५ मे १९०४ रोजी, मारे यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. त्यांच्याहून एका महिन्याने लहान असलेले मायब्रिज आठवडाभर आधी गेले होते. मारे यांच्या मैदानी प्रयोगशाळेच्या परिसरात आज रोलँड गॅरोस हे टेनिसचे संकुल उभे आहे.

रुग्णालयात उरलेला वारसा

अतिदक्षता विभागात खाटेच्या उशाशी सरकत जाणाऱ्या हिरव्या-लाल रेघा म्हणजे मारे यांच्या काजळीवरच्या रेघेचा आजचा अवतार. डॉक्टर खोलीत नसतानाही हृदय, श्वास आणि धमनीतला दाब आपापली नोंद लिहीत असतात.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या पायावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी काही केंद्रांत त्याची चाल तपासली जाते. त्याच्या नितंबाला, गुडघ्याला, घोट्याला प्रकाश परतवणारे छोटे गोळे चिकटवतात आणि तो चालताना चहूबाजूंनी कॅमेरे त्यांची जागा टिपतात. कोणता स्नायू आखडला आहे, कोणता सांधा उशिरा वाकतो, हे त्यावरून ठरते. मारे यांच्या काळ्या पोशाखावरचे पांढरे ठिपकेच हे. हृदयाच्या झडपा पाहायला आता बऱ्याचदा नळी घालावी लागत नाही, छातीवर टेकवलेल्या सोनोग्राफीच्या उपकरणाने काम भागते.

त्यांची खरी शिकवण मात्र कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय उपयोगी पडते. डॉक्टरांना पाहूनच अनेकांचा रक्तदाब वाढतो. धापा टाकत जिना चढून आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधला, तर आकडा त्याच्या आजाराचा नसून त्याच्या घाईचा किंवा धास्तीचा येऊ शकतो. त्या आकड्यावर आयुष्यभराच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. म्हणून मोजण्याआधी निदान पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे असे सांगितले जाते. शंका असल्यास घरच्या घरी काही दिवस मोजून नोंदी ठेवतात किंवा २४ तास नोंद घेणारे यंत्र बांधून रुग्णाला त्याच्या रोजच्या कामाला जाऊ देतात. मोजणाऱ्याची चाहूल कमी झाली की शरीर आपली खरी हालचाल दाखवते. डॉ. मारे यांना हे नाडीच्या जड दांडीने शिकवले आणि पोसिलिपोच्या कुरवांनी त्याची खात्री पटवली. पुढच्या वेळी दंडाला पट्टा बांधून घेण्यापूर्वी ती पाच मिनिटे डॉक्टरांकडे हक्काने मागून घ्यायला हरकत नाही.